एनएस१च्या रकान्यात काय भरायचं?

व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा आभासी सर्व्हर मागवताना रॅम, डिस्क, ऑपरेटिंग सिस्टिम वगैरे निवडून झालं की बऱ्याच कंपन्यांच्या ऑर्डर फॉर्मवर चार रकाने उरतात: होस्टनेम, एनएस१ प्रीफिक्स, एनएस२ प्रीफिक्स आणि रूट पासवर्ड. पासवर्ड कळतो. बाकीच्या तिघांपाशी माणूस अडतो, आणि रिकामे सोडले तर फॉर्म पुढे सरकत नाही.

कन्नौदला माझा भाचा असाच अडून बसला होता. इंदूर-बैतूल रस्त्यावर त्याचं शेतीअवजारांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. मळणीयंत्राचे पट्टे, बेअरिंगं, चाळण्या यांची यादी त्यानं साइटवर टाकली आहे आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत खातेगाव-हरद्यापासून विचारणा येते. नेमकी तेव्हाच साइट रखडते, म्हणून हा व्हीपीएस. ‘‘मामा, ह्यात काय टाकू? चुकलं तर साइट बंद तर नाही पडणार?’’

काहीही टाक, म्हटलं. एनएस१, एनएस२ एवढंच लिही.

त्याला पटेना, म्हणून लॅपटॉपवर टर्मिनल उघडून ‘डिग’ ही आज्ञा ‘ट्रेस’ जोडून चालवली. पडद्यावर आधी ए ते एम अशी तेरा रूट सर्व्हरांची नावं उतरली. त्यांनी बोट दाखवलं डॉट-इनच्या सर्व्हरांकडे. त्यांनी सांगितलं की या डोमेनचे नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनचा पत्ता सांगणारे सर्व्हर (फॉर्मवरचं एनएस ते हेच), अमुक दोन, आणि ते दोन होते डोमेन जिथून विकत घेतलं त्या रजिस्ट्रारचे. त्यांनी शेवटी आयपी पत्ता दिला. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली आखलेली ही उतरंड आजही अशीच चालते. व्हीपीएसवाल्या कंपनीचं नाव तीत कुठेच येत नाही. नेमसर्व्हर बदलतो तो रजिस्ट्रारच्या पॅनेलमध्ये. ऑर्डर फॉर्मवर लिहिलेलं नाव फार तर कंपनीच्या नोंदीत जातं किंवा नव्या सर्व्हरच्या कंट्रोल पॅनेलमध्ये आधीच भरून येतं.

मग तो रकाना ठेवलाय कशाला? काही लोकांना स्वतःच्याच सर्व्हरवर नेमसर्व्हर चालवायचा असतो. होस्टिंग पुढे विकणाऱ्यांना तर गिऱ्हाइकांना स्वतःच्या नावाचे नेमसर्व्हर द्यायचे असतात. समजा डोमेन उदाहरण.इन आहे आणि त्याचा नेमसर्व्हर एनएस१.उदाहरण.इन. आता या एनएस१चा पत्ता कोणाला विचारायचा? उदाहरण.इनच्या नेमसर्व्हरला, म्हणजे त्यालाच! हा गुंता सोडवायला डॉट-इनच्या रजिस्ट्रीपाशीच नावासोबत आयपी पत्ता नोंदवून ठेवावा लागतो. त्याला ग्लू रेकॉर्ड म्हणतात. आपल्याकडच्या काही रजिस्ट्रारांच्या पॅनेलमध्ये तो ‘चाइल्ड नेमसर्व्हर’ या नावाखाली सापडतो. शिवाय सर्व्हरवर बाइंडसारखं सॉफ्टवेअर चालू हवं, फायरवॉलमध्ये ५३ क्रमांकाचं पोर्ट यूडीपी आणि टीसीपी दोन्हींसाठी उघडं हवं. यातलं एक राहिलं तरी साइट सापडेनाशी होऊ शकते.

एका दुकानाच्या एका साइटसाठी हा उपद्व्याप करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एकच व्हीपीएस घेणारे एनएस१ आणि एनएस२ दोन्हींना एकच आयपी देऊन मोकळे होतात. देवास संस्थानाच्या थोरली पाती आणि धाकटी पाती एकाच गावात नांदल्या, पण गाद्या तरी खरोखर दोन होत्या. इथे नावं दोन आणि डबा एकच, तो बसला की दोन्ही बसले. दुय्यम नेमसर्व्हर वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या नेटवर्कवर असावेत, असं १९९७च्या आरएफसी २१८२मध्ये लिहून ठेवलंय. तरी जानेवारी २००१मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टचे चारही नेमसर्व्हर एकाच राउटरमागे निघाले. त्या राउटरची सेटिंग बिघडली आणि कंपनीच्या साइट जवळपास दिवसभर जगाला सापडेनात.

आम्ही नेमसर्व्हरला हातच लावला नाही. आदल्या संध्याकाळी रजिस्ट्रारच्या पॅनेलमध्ये ए रेकॉर्डचा, म्हणजे डोमेनसमोर आयपी लिहिणाऱ्या नोंदीचा, टीटीएल १४४०० सेकंदांवरून ३००वर आणला. म्हणजे जुना पत्ता लोकांच्या इंटरनेट कंपन्यांपाशी चार तासांऐवजी पाच मिनिटंच साठून राहणार. सकाळी साइट नव्या सर्व्हरवर उभी करून तपासली आणि ए रेकॉर्डमधला आयपी तेवढा बदलला. मेल कुठे पोचवायची ते सांगणारा एमएक्स रेकॉर्ड जागच्या जागी राहिला, त्यामुळे दुकानाची मेल चालू राहिली. नेमसर्व्हर बदलताना हेच विसरतं: नव्या जागी जुन्या नोंदी आपोआप येत नाहीत, साइट दिसत राहते आणि मेल मात्र गुपचूप बंद पडते.

फॉर्मवरच्या चार रकान्यांपैकी खरा विचार करायचा तो होस्टनेमचा. तिथे नुसतं डोमेन न लिहिता सर्व्हर.उदाहरण.इन असं पूर्ण नाव दिलं आणि त्याचाही ए रेकॉर्ड केला. पुढे सर्व्हरवरून बिलं मेलनं जायची असतील तर आयपीवरून उलटं शोधल्यावर हेच नाव निघावं लागतं, नाहीतर पत्रं स्पॅममध्ये पडतात किंवा परत येतात. ही उलटी नोंद रजिस्ट्रारकडे होत नाही. आयपी व्हीपीएसवाल्यांचा, म्हणून ती त्यांच्याच पॅनेलमध्ये किंवा त्यांना तिकीट टाकून करून घ्यायची. भाच्यानं तिकीट टाकलं आणि तो गिऱ्हाइकाला पट्ट्याचं माप विचारायला उठला.