वस्तीतल्या मुली आणि दवाखान्याचे दार

मी मुंबईच्या एका झोपडपट्टीतल्या शाळेत शिकवतो. नववीतली एक मुलगी यायची थांबली. दोन महिने मी हजेरीपटावर नुसती गैरहजेरी मांडत राहिलो. घरी गेलो तेव्हा तिला सातवा महिना होता, आणि दवाखान्यात नाव घातलेले नव्हते. आई म्हणाली, “सर, तिथं नेलं तर पोलीस केस होते. मग हिला कोण करून घेणार?”

पांढरपेशा समाज अशा वेळी संस्कारांची भाषा बोलतो. पण २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या ७.६ टक्के मुली आई झालेल्या वा गरोदर आढळल्या. २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाले होते. प्रश्न संस्कारांचा नाही. तो सुटलेल्या शाळेचा आणि लवकर उरकलेल्या लग्नाचा आहे.

महापालिकेच्या आरोग्यसेविका घरोघर फिरून गरोदर बायांची नोंद करतात. २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमही आहे. तरी अशी मुलगी दारातूनच परतते, कारण भीती. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे अठराखालील मुलीची संमती धरली जात नाही आणि डॉक्टरला पोलिसांना कळवावेच लागते. अत्याचार सोसणाऱ्या मुलीला या कायद्याचाच आधार आहे, तो हवाच. पण २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने व पालकाने विनंती केली, तर पोलिसांना कळवताना डॉक्टरने तिचे नाव वा ओळख देण्याची गरज नाही. मला हे फार उशिरा कळले. माझ्या विद्यार्थिनीसाठी ती वेळ टळून गेली होती.

१८६३ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. गरोदर विधवेने गुपचूप यावे, सुखरूप बाळंत व्हावे, एवढीच ती सोय. त्यांनी आधी दार उघडले. निवाडा करीत बसले नाहीत.

शिक्षकांनो, कार्यकर्त्यांनो, आपले कामही तेच. मुलगी आठवडाभर दिसली नाही की तिचे घर गाठा. लग्न ठरत असेल तर १०९८ वर कळवा. वस्तीतल्या आरोग्यसेविकेशी ओळख ठेवा. आणि आयांना सांगा की नाव झाकून ठेवता येते. हजेरीपटावरची रिकामी चौकट ही त्या पोरीची हाक असते. मी ती ऐकली नाही; तुम्ही ऐका.