मुस्ता, वराह आणि प्रतिजैविके
पशुखाद्यातील वनौषधींचा वैद्यकीय विचार

द्रव्यगुणाचा अभ्यास करताना मुस्तेच्या पर्यायांत 'क्रोडकसेरुक' हा शब्द आपण सर्वांनीच पाठ केलेला आहे. क्रोड म्हणजे वराह. ज्या कंदासाठी वराह जमीन उकरतो तो हा कंद. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात डबक्याकाठी निर्धास्तपणे मुस्ता उकरणाऱ्या वराहांच्या कळपाचा उल्लेख येतो, तोही याच निरीक्षणाची साक्ष देतो. चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील अग्र्यसंग्रहात सांग्राहिक, दीपनीय व पाचनीय द्रव्यांमध्ये मुस्तेला अग्रस्थान दिले आहे. अतिसारात आपण रोज योजतो ते हे द्रव्य वराहाचेही आवडते खाद्य असावे, ही गोष्ट केवळ मौजेची नाही. आज जगभर वराहपालनापुढे जो प्रश्न उभा आहे, त्याच्याशी तिचा जवळचा संबंध आहे. त्या प्रश्नाचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करीत आहोत.

वैद्यांनी पशुखाद्याची चिंता का करावी, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. त्याचे पहिले उत्तर शास्त्रातच आहे. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात अकराव्या अध्यायात हत्ती, उंट, गाय, घोडा, मेंढी व बकरी यांच्यासाठी बस्तीची मात्रा व द्रव्ये सांगितली आहेत. पालकाप्यांचा हस्त्यायुर्वेद, शालिहोत्रांची अश्वचिकित्सा आणि अग्निपुराणातील गवायुर्वेद ही परंपरा सर्वांना ज्ञात आहे. दुसरे उत्तर आपल्या चिकित्सालयात मिळते. ठाणे, कल्याण, डोंबिवली परिसरात व्यवसाय करणाऱ्या वैद्याकडे आज वारंवार मूत्रसंसर्ग होणारा रुग्ण येतो, तेव्हा त्याच्या हातातील कल्चरच्या अहवालात एकामागून एक औषधांपुढे 'रेझिस्टंट' असे लिहिलेले असते. जंतूंच्या या निर्ढावलेपणामुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट घडले, असा अंदाज २०२२ साली प्रसिद्ध झाला. याचे मोठे कारण मानवी चिकित्सेतील अतिरेक हे आहेच. पण दुसरे कारण गोठ्यात, खुराड्यात आणि वराहशाळेत आहे.

खाद्यात प्रतिजैविके कशी आली?

१९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील लेडरले प्रयोगशाळेत थॉमस ज्यूक्स व रॉबर्ट स्टोकस्टॅड यांना असे आढळले, की ऑरिओमायसिन तयार करताना उरणारा गाळ कोंबडीच्या पिल्लांना खाऊ घातल्यास ती लवकर वाढतात. डुकरांच्या पिल्लांतही तोच अनुभव आला. रोग नसतानाही, चिकित्सेच्या मात्रेहून कितीतरी कमी मात्रेत, रोजच्या खाद्यात प्रतिजैविक मिसळण्याची प्रथा तेथून रूढ झाली. अल्प मात्रेत जंतू मरत नाहीत, ते सरावतात; आणि हा सराव एका जंतूकडून दुसऱ्याकडे संक्रमित होतो. ब्रिटनमधील स्वॉन समितीने १९६९ सालीच याविषयी इशारा दिला होता.

या बाबतीत वराहपालनाचा वाटा मोठा आहे. २०१० सालच्या स्थितीविषयी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार एक किलो मांसामागे गोवंशात ४५ मिलिग्रॅम, कोंबड्यांत १४८ मिलिग्रॅम, तर वराहांत १७२ मिलिग्रॅम प्रतिजैविके वापरली जात होती. २०१५ सालच्या अखेरीस चीनमधून त्याहून गंभीर वार्ता आली. कोलिस्टिन हे मानवी चिकित्सेत अखेरचे शस्त्र म्हणून राखून ठेवलेले औषध. त्याला दाद न देण्याचा गुण देणारा एक जनुक वराहांतील जंतूंमध्ये सापडला आणि तो एका जंतूतून दुसऱ्यात सहज उडी घेऊ शकतो, असे दिसून आले. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत व पशुखाद्यात कोलिस्टिनच्या वापरास बंदी केली, ती याच पार्श्वभूमीवर.

युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी प्रतिजैविके देणे पूर्णतः थांबविले. चीननेही २०२० साली तसेच पाऊल उचलले. डेन्मार्कचा अनुभव विशेष बोधप्रद आहे. तेथे १९९२ ते २००८ या काळात प्रतिजैविकांचा वापर किलोमागे सुमारे १०० मिलिग्रॅमवरून ४९ मिलिग्रॅमवर आला आणि तरीही वराहांचे उत्पादन सुमारे ४७ टक्क्यांनी वाढले. मात्र खाद्यातील प्रतिजैविके बंद होताच दूध तुटलेल्या पिल्लांत अतिसार वाढला व काही काळ चिकित्सेसाठी अधिक औषधे द्यावी लागली. अतिसार आवरण्यासाठी युरोपात जस्ताचे भस्मसदृश संयुग, म्हणजे झिंक ऑक्साइड, मोठ्या मात्रेत दिले जाऊ लागले. मातीत जस्त साठत असल्याने जून २०२२ मध्ये त्यावरही बंदी आली. एक काठी काढून घेतली की दुसरी शोधायची, असा हा प्रकार झाला. पिल्लाचे पाय लटके का पडतात, हा मूळ प्रश्न मागेच राहिला.

क्षीरान्नादाचा अग्नी

येथे आयुर्वेदाची दृष्टी उपयोगी पडते. बालकाच्या क्षीराद, क्षीरान्नाद व अन्नाद अशा तीन अवस्था आपल्याला परिचित आहेत. क्षीरादाचा अन्नाद एका दिवसात होत नाही. मधली अवस्था निसर्गाने त्यासाठीच ठेवली आहे. रानात डुकरीण आपल्या पिल्लांना हळूहळू, साधारण तीन-चार महिन्यांपर्यंत दुधावरून तोडते. व्यापारी वराहशाळेत हेच काम तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, एका दिवसात उरकले जाते. पिल्लू त्याच दिवशी आईपासून दुरावते, अनोळखी पिल्लांत जाते आणि दुधाऐवजी कोरडे धान्य खाऊ लागते. त्याच्या आमाशयात पुरेसे अम्ल अद्याप तयार होत नसते. आतड्याच्या आतील केसासारखे अंकुर या काळात आखडतात, न पचलेले अन्न पुढे सरकते आणि त्यावर ई. कोलाय जंतू माजतात. आधुनिक परिभाषेतील हे सर्व वर्णन आपल्या भाषेत मांडायचे तर क्षीरान्नादाची अवस्था गाळली गेल्याने झालेले अग्निमांद्य, त्यातून आम आणि त्यातून अतिसार, असे ते मांडता येईल. जंतू येथे आहे, परंतु तो मंदावलेल्या अग्नीचा फायदा घेणारा आहे.

निदान असे असेल तर उपाय 'जंतू मारणारी वनस्पती' शोधण्यापासून सुरू होऊ शकत नाही. निदानपरिवर्जन प्रथम. पिल्लू आईजवळ अधिक काळ ठेवणे, दूध चालू असतानाच थोडे मऊ व सुपाच्य खाद्य सुरू करणे, जागा कोरडी व उबदार ठेवणे, गर्दी टाळणे हा पथ्याचा भाग आहे. त्यानंतर दीपन-पाचन द्रव्ये. हा क्रम उलटला तर वनौषधी हे केवळ हिरव्या वेष्टनातील प्रतिजैविक ठरेल आणि त्याचेही अपयश ठरलेलेच आहे.

ओव्यापासून दारूडीपर्यंत

परदेशात पशुखाद्यासाठी ज्या वनस्पतिजन्य द्रव्यांचा अभ्यास झाला, त्यांची नावे परकी असली तरी द्रव्ये आपल्या ओळखीची आहेत. थायमॉल म्हणजे आपले ओवासत्त्व, अमृतधारेतील तीन घटकांपैकी एक. पहिल्या महायुद्धापूर्वी भारतातील ओवा जर्मनीस जात असे व तेथे त्यातून थायमॉल काढले जात असे. लवंगेतील युजेनॉल, दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड, लसणातील ॲलिसिन, हळदीतील कर्क्युमिन यांवरही पुष्कळ काम झाले आहे. निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. काही प्रयोगांत पिल्लांची वाढ व पचन सुधारले, काहींत फरक दिसला नाही. याची कारणे उघड आहेत. एकाच वनस्पतीतील तेलाचे प्रमाण भूमी, ऋतू व साठवण यांनुसार बदलते. शिवाय ही तेले आमाशयात व लहान आतड्याच्या आरंभीच बहुतांशी शोषली जातात. पुढील भागात ती पोहोचावीत म्हणून त्यांना स्नेहाचे आवरण द्यावे लागते. उग्र वासाने पिल्लू खाद्य टाकते, हीही एक अडचण. देश, काल, मात्रा, संस्कार आणि कल्पना यांचे महत्त्व आपल्याला नव्याने सांगायला नको.

'वनस्पती आहे म्हणजे निरुपद्रवी आहे' हा समज किती घातक आहे, याचे एक उदाहरण अवश्य ध्यानात ठेवावे. मॅक्लिया नावाच्या चिनी वनस्पतीपासून काढलेले सँग्विनारिन हे द्रव्य चीन व युरोपात अत्यल्प मात्रेत पशुखाद्यात वापरले जाते. हेच सँग्विनारिन आपल्याकडे पडीक जमिनीत उगवणाऱ्या पिवळ्या धोत्र्याच्या, म्हणजे दारूडीच्या, बियांत असते. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात या बियांच्या तेलाची भेसळ झाली आणि सर्वांगशोथाच्या साथीत साठांहून अधिक माणसे दगावली. एकच द्रव्य एका मात्रेत खाद्यपूरक आणि दुसऱ्या मात्रेत विष ठरते. युक्तीने योजलेले विषही औषध होते व अयुक्तीने योजलेले औषधही विष होते, हा चरकोक्त विचार येथे अक्षरशः लागू पडतो.

आपल्या परिसरातील स्थिती

ठाणे जिल्ह्यात वराहपालनापेक्षा मुरबाड-शहापूरकडील कुक्कुटपालन आणि कल्याण-भिवंडीकडील म्हशींचे तबेले हे व्यवसाय अधिक परिचयाचे आहेत. परंतु प्रश्न तोच आहे. म्हशींच्या स्तनदाहात प्रतिजैविकांची सुई दिली जाते आणि त्याचा अंश दुधात उतरण्याचा धोका राहतो. या व्याधीत राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने प्रसारित केलेला उपाय अनेकांना ठाऊक असेल: कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम व चुना १५ ग्रॅम एकत्र वाटून त्याचा कासेवर दिवसातून अनेकदा लेप. द्रव्ये साधी, प्रमाण निश्चित, नोंद ठेवण्याची पद्धत ठरलेली आणि पशुवैद्यकांचे मार्गदर्शन बरोबर, हे या उपक्रमाचे बळ आहे. वराह व कुक्कुट यांच्या खाद्याबाबत असेच काम व्हावयास हवे.

मुस्ता हे त्या दृष्टीने विचार करण्याजोगे द्रव्य आहे. कल्याण, भिवंडी, मुरबाड येथील भातखाचरांच्या बांधांवर लव्हाळा विपुल उगवतो आणि शेतकरी तण म्हणून तो उपटून फेकतो. त्याचेच कंद म्हणजे मुस्ता. याउलट अतिसारात तितकाच उपयुक्त असणाऱ्या कुड्याची साल काढताना झाड जाते. खाद्याचे प्रमाण लक्षात घेतल्यास हा भेद किती मोलाचा आहे ते कळेल. एक टन खाद्यात अर्धा टक्का चूर्ण मिसळायचे म्हणजे ५ किलो चूर्ण लागते. तीन ग्रॅमची मात्रा धरली तर रुग्णांच्या १,६०० हून अधिक मात्रा एका टनात संपतात. माळशेज-शहापूरच्या रानातील कुडा या मागणीपुढे टिकणार नाही आणि आपल्या रुग्णांसाठीही उरणार नाही. मागणी वाढली की भेसळही वाढते. पांढऱ्या कुड्याच्या जागी काळा कुडा आणि मुस्तेच्या जागी नागरमोथा बाजारात कसा येतो, हे वैद्यांना वेगळे सांगणे नको.

मर्यादाही स्पष्ट असाव्यात. २०२० साली आसाम-अरुणाचलात शिरलेला आफ्रिकन स्वाइन फीवर असो, की फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे आढळलेला बर्ड फ्लू असो, हे विषाणूजन्य व्याधी आहेत. तेथे प्रतिजैविके उपयोगाची नाहीत आणि वनौषधींचा दावा करणेही अनुचित आहे. स्वच्छता, विलगीकरण आणि शासकीय यंत्रणेला तात्काळ खबर हाच मार्ग. तसेच एखादे जनावर तीव्र जंतुसंसर्गाने ग्रस्त असेल तर त्याला योग्य मात्रेत प्रतिजैविक मिळाले पाहिजे. आमचा आक्षेप निरोगी जनावराला रोज चारल्या जाणाऱ्या औषधावर आहे, आजारी जनावराच्या चिकित्सेवर नाही.

वैद्यांनी काय करावे?

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम १९८४ नुसार पशुचिकित्सेचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकांचा आहे, आणि तो आपण मनःपूर्वक मानला पाहिजे. तरीही वैद्यांच्या वाट्याला पुष्कळ काम उरते. द्रव्याची ओळख व शुद्धाशुद्धता ठरविणे हे पहिले. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या १८८६ पासूनच्या संस्थेतील तज्ज्ञ आणि आपली आयुर्वेद महाविद्यालये यांनी एकत्र येऊन मुस्ता, ओवा, सुंठ, पिंपळी यांसारख्या दीपन-पाचन द्रव्यांचे प्रयोग आखणे हे दुसरे. त्या प्रयोगांत एक गट औषधाविना, केवळ पथ्यावर ठेवलेला असावा. अन्यथा गुण द्रव्याचा की स्वच्छ गोठ्याचा, हे कधीच कळणार नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधांसाठी हा विषय सर्वस्वी योग्य आहे. तिसरे काम सर्वांत सोपे आणि सर्वांत तातडीचे: आपल्याकडे येणाऱ्या तबेलेवाल्याला, कुक्कुटपालकाला, मांसविक्रेत्याला खाद्यात काय मिसळले जाते हे विचारणे व त्याचे परिणाम समजावून सांगणे.

गुराखी, मेंढपाळ व अजपाल यांना रानातील औषधी नावारूपाने ठाऊक असतात, असे चरकाचार्यांनी आरंभीच नमूद केले आहे. तिचा योग जाणणे हे मात्र त्यांनी वैद्याचे काम मानले. आज औषधांची नावे जाणणारे व्यापारी पुष्कळ आहेत. अग्नी, मात्रा व काल पाहून योग ठरविणाराची उणीव आहे. ती भरून काढणे आपल्या हाती आहे, आणि ती आपण भरली नाही तर लव्हाळ्याचा कंदही उद्या एका आकर्षक डब्यात, मात्रेविना, 'हर्बल' म्हणून विकला जाईल.