पृथ्वीच्या आंसाचा कल आणि आपले हंगाम

उन्हाळ्यांत सूर्य जवळ येतो म्हणून उष्मा वाढतो, अशी समजूत चांगल्या वाचत्या शेतकऱ्यांतही आढळते. वस्तुस्थिति उलट आहे. पृथ्वी सूर्याच्या अत्यंत जवळ, सुमारे १४ कोटि ७१ लक्ष किलोमीटरांवर, येते ती जानेवारीच्या आरंभीं, म्हणजे हरभऱ्याला थंडी मानवत असते तेव्हां. जुलैच्या आरंभीं हेंच अंतर १५ कोटि २१ लक्ष होतें.

खरें कारण पृथ्वीच्या आंसाचा कल हें आहे. हा आंस तिच्या फिरण्याच्या कक्षेवर सरळ उभा नसून सुमारे साडेतेवीस अंशांनीं कललेला आहे, आणि वर्षभर तो आकाशांत एकाच दिशेस रोंखलेला राहतो. त्यामुळें जूनमध्यें उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकतो व डिसेंबरमध्यें पाठ फिरवितो. पुण्यास २१ डिसेंबरच्या सुमारास मध्यान्हीं सूर्य क्षितिजापासून ४८ अंशच वर चढतो. दहा वीत काठीची सावली नऊ वीत पडते. अशा तिरप्या उन्हाचा हिशेब शेताच्या भाषेंत सांगावयाचा तर तीन गुंठ्यांचें ऊन चार गुंठ्यांवर पसरतें. शिवाय दिवस अवघा अकरा तासांचा. जूनमध्यें तो सव्वातेरा तासांचा असतो. रब्बी ज्वारीच्या जुन्या जाती दिवस लहान होऊं लागल्यावरच निसवतात, तें याच फरकामुळें.

पुण्यास सूर्य डोक्यावर येतो तो वर्षांत दोनदां : मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस. दुसऱ्या वेळीं ढगांमुळें तो बहुधा दिसतच नाहीं! सर्वांत मोठा दिवस जूनमध्यें असूनही आपला कडक उन्हाळा एप्रिल-मेचा, याचें कारणही ढगच. तापलेल्या भूमीकडे समुद्रावरील वारे ओढले जातात आणि तेच ढग घेऊन येतात. म्हणजे पावसाचें मूळही या कलांतच आहे.

आतां नक्षत्रांविषयीं. आंसाची दिशा आम्ही स्थिर म्हटली, ती एका वर्षापुरती. वस्तुतः भोंवऱ्याप्रमाणें तो डुलतो व सुमारे २६,००० वर्षांत एक फेरा पुरा करतो. ऋतु आंसाच्या कलाप्रमाणें चालतात, आपलीं पावसाचीं नक्षत्रें मात्र ताऱ्यांवरून मोजलेलीं. म्हणून सुमारे ७२ वर्षांत दोहोंमध्यें एका दिवसाचें अंतर पडतें. सुमारे १७०० वर्षांपूर्वीं मकरसंक्रांत आणि खरें उत्तरायण एकाच सुमारास होत असे. आज उत्तरायण २१-२२ डिसेंबरला लागतें आणि संक्रांत १४-१५ जानेवारीला येते. ता. २२ मार्च १९५७ पासून सुरू झालेलें राष्ट्रीय पंचांग ऋतूंना धरून आहे तें यासाठींच.

मृग सध्यां ७-८ जूनच्या सुमारास निघतो. बापाच्या आणि मुलाच्या हयातींत त्यांत जाणवण्यासारखा फरक पडत नाहीं, हें आम्ही कबूल करतों. परंतु मोसमी वारे एका सालापासून दुसऱ्या सालांत कित्येक दिवस मागें-पुढें होतात, आणि मृगाची तारीख तर त्यांची वाट पाहत नाहीं. केवळ मृग निघाला म्हणून कोरड्या रानांत बियाणें टाकणाऱ्यावर दुबार पेरणीची पाळी येते, बियाण्याचा पैसा दोनदां जातो. पेरणीपूर्वीं ओल किती खोल गेली आहे तें कुदळीनें पाहावें. मृग केवळ अवजारें सज्ज ठेवण्याची वेळ सांगतो.