पर्यावरणाचे उच्च शिक्षण : प्रयोगशाळेत, शिवारात आणि वर्गात

भारतातील महाविद्यालये आणि विद्यापीठांत पर्यावरणाचे शिक्षण तीन वाटांनी मिळते. पहिली वाट पर्यावरण अभियांत्रिकीची. पाणी शुद्ध करणे, सांडपाण्यावर प्रक्रिया करणे, धुराड्यातली धूळ अडवणे हे तिचे काम. दुसरी पर्यावरणशास्त्राची. निसर्गाचे व्यवहार समजून घेणे आणि माणसाच्या हस्तक्षेपाने त्यांत काय बदलते ते तपासणे, हा तिचा विषय. तिसरी वाट सर्वांसाठी आहे. कला, वाणिज्य, विज्ञान अशा कोणत्याही शाखेच्या पदवीसाठी आवश्यक असलेला पर्यावरण अभ्यास तिच्यात येतो. या वाटा वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गरजांतून निघाल्या. तिन्हींचा कस मात्र एकाच ठिकाणी लागतो. विद्यार्थ्याला भोवतालचे पाणी, हवा, माती आणि सजीव स्वतः मोजता-ओळखता येतात का, यावर हे शिक्षण खरे की नावापुरते ते ठरते.

रोगराईपासून प्रदूषणापर्यंत

यांतली सर्वांत जुनी वाट अभियंत्यांची. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पटकी, विषमज्वर, हगवण यांनी शहरे हैराण होती. शुद्ध पाणी नळाने आणणे आणि मैला वस्तीपासून दूर वाहून नेणे हा त्यावरचा खात्रीचा उपाय होता. त्यासाठी स्थापत्य अभियांत्रिकीत सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी ही शाखा वाढली. कोलकात्यात १९३२ मध्ये ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थ ही संस्था उभी राहिली. नागपुरात १९५८ मध्ये केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था सुरू झाली. पुढे कारखान्यांचे सांडपाणी, हवा आणि घनकचरा हे विषयही कामात आले आणि १९७४ मध्ये ती राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजेच नीरी झाली. मुंबईच्या आयआयटीत पर्यावरण विज्ञान आणि अभियांत्रिकी केंद्र १९८५ मध्ये स्थापन झाले.

विज्ञानाच्या वाटेला चालना मिळाली ती १९७२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरणविषयक स्टॉकहोम परिषदेनंतर. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात १९७४ मध्ये पर्यावरणशास्त्राची स्वतंत्र प्रशाला सुरू झाली. त्याच वर्षी देशात जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा आला. महाराष्ट्राने त्याआधीच १९६९ मध्ये स्वतःचा जलप्रदूषण कायदा करून १९७० मध्ये मंडळ स्थापन केले होते. १९८१ मध्ये हवेचा कायदा झाला. भोपाळच्या डिसेंबर १९८४ मधल्या वायुदुर्घटनेनंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. कायदे झाले की ते राबवणारी माणसे लागतात. पाण्याचा नमुना नीट कसा घ्यायचा, तो कसा तपासायचा आणि न्यायालयात टिकेल असा अहवाल कसा लिहायचा, हे जाणणाऱ्यांची गरज निर्माण झाली आणि विद्यापीठांत पर्यावरणशास्त्राचे पदव्युत्तर विभाग वाढत गेले.

तिसरी वाट न्यायालयाने उघडली. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी निकाल दिला. चित्रपटगृहांत पर्यावरणाविषयी पाट्या दाखवण्यापासून शाळा-महाविद्यालयांत हा विषय सक्तीचा करण्यापर्यंत अनेक आदेश त्यात होते. अंमलबजावणी रेंगाळल्यामुळे न्यायालयाने डिसेंबर २००३ मध्ये पुन्हा बजावले. विद्यापीठ अनुदान आयोगाने सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला आणि २००४-०५ पासून तो पदवीच्या सर्व शाखांना लागू झाला. त्याचे पाठ्यपुस्तक लिहिले पुण्याचे डॉ. इराच भरुचा यांनी. ते व्यवसायाने शल्यचिकित्सक. भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था त्यांच्या नेतृत्वाखाली १९९३ पासून काम करू लागली होती.

एका बाटलीतले शास्त्र

पर्यावरणशास्त्र हा अनेक शास्त्रांचा मेळ आहे. रसायनशास्त्र, परिसंस्थाशास्त्र, भूशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, हवामानशास्त्र, संख्याशास्त्र, कायदा आणि अर्थशास्त्र हे सगळे त्यात येतात. यादी वाचून विषय पसरट वाटतो. प्रयोगशाळेतल्या एका साध्या चाचणीत मात्र ही शास्त्रे एकमेकांत कशी गुंतलेली आहेत ते दिसते.

ही चाचणी जैवरासायनिक प्राणवायू मागणीची, म्हणजेच बीओडीची. पाण्यातली सेंद्रिय घाण खाऊन टाकताना जिवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. घाण जितकी जास्त तितका प्राणवायू जास्त खर्च होतो. हा खर्च मोजला की पाणी किती दूषित आहे ते कळते. त्यासाठी ३०० मिलिलिटरच्या, काचेच्या बुचाच्या दोन बाटल्या घेतात. बूच बसवताना आत हवेचा एक बुडबुडाही राहता कामा नये, नाहीतर सगळे गणित चुकते. एका बाटलीतला प्राणवायू लगेच मोजतात. तिच्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घातले की तपकिरी साका तयार होतो. पाण्यात प्राणवायूच नसेल तर हाच साका पांढरा राहतो. मग सल्फ्युरिक आम्ल घालताच साका विरघळतो, आयोडीन मोकळे होते आणि पाणी पिवळे पडते. ब्युरेटमधून सोडियम थायोसल्फेट सोडत पिवळा रंग फिका होऊ द्यायचा, स्टार्च घालून तो गडद निळा करायचा आणि मग एकेक थेंब टाकत निळा रंग नाहीसा होण्याची वाट पाहायची. तोवर किती थायोसल्फेट लागले त्यावरून प्राणवायूचे प्रमाण निघते. दुसरी बाटली इनक्युबेटरमध्ये ठेवून नंतर तशीच तपासतात. दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे खर्च झालेला प्राणवायू.

सांडपाण्याची बीओडी लिटरमागे २०० मिलिग्रॅम असू शकते, पण आपल्याकडच्या तापमानाला स्वच्छ पाण्यातही लिटरमागे जेमतेम ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. म्हणून नमुना, समजा, पन्नास पट पातळ करावा लागतो. असे केले तर ४ मिलिग्रॅम खर्च होतो आणि मोजता येईल इतका प्राणवायू शिल्लक राहतो. शहरातला ओढा काळा का पडतो, त्यातले मासे का मरतात, हेही याच आकड्यांवरून उमगते. जुनी रीत बाटली २० अंश सेल्सिअसला ५ दिवस ठेवण्याची. ती ब्रिटनसारख्या थंड हवेत रूढ झाली. भारतीय मानक २७ अंशांना ३ दिवसांचे आहे, कारण उष्णतेत जिवाणू लवकर काम उरकतात. मोजण्याची पद्धतसुद्धा स्थानिक हवामानाला धरून असावी लागते, हा धडा विद्यार्थी या चाचणीतूनच शिकतो.

हवेच्या मोजणीतही अशीच बारकाई लागते. पीएम २.५ या सूक्ष्म कणांसाठीचे यंत्र २४ तासांत साधारण २४ घनमीटर हवा एका गाळणकागदातून ओढते. आधी आणि नंतर त्या कागदाचे वजन करतात. देशाची २४ तासांची मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे कागदाचे वजन १.४४ मिलिग्रॅमने वाढले की मर्यादा गाठली गेली. एवढ्याशा फरकावर निकाल अवलंबून असल्याने कागदाला बोट लागले किंवा त्याने दमट हवा शोषली, तरी निष्कर्ष फिरू शकतो.

अभियंत्याचे गणित

विज्ञानाचा विद्यार्थी प्रदूषण किती हे सांगतो. त्याचे काय करायचे, हे पर्यावरण अभियंत्याला ठरवावे लागते. समजा, भूमिगत गटारे असलेले ५० हजार वस्तीचे एक शहर आहे. माणशी रोज १३५ लिटर पाणी धरले तर शहराला रोज ६७.५ लाख लिटर पाणी लागेल. त्यातले सुमारे ८० टक्के, म्हणजे ५४ लाख लिटर, सांडपाणी होऊन परत येईल. बीओडी लिटरमागे २०० मिलिग्रॅम असेल तर ही घाण रोज १,०८० किलो भरेल. नदीत सोडण्याच्या पाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे ३० मिलिग्रॅमची आहे. ती पाळायची तर १,०८० किलोतली ९१८ किलो घाण रोज काढावी लागेल. हे काम टाकीतले जिवाणू करतात आणि त्यांना हवा पुरवायला वीज लागते. टाकी केवढी, हवा किती, गाळ किती निघेल, तो कुठे जाईल आणि वीजबिल नगरपालिकेला झेपेल का, हे सगळे अभियंत्याला एका आराखड्यात बसवावे लागते. प्रक्रिया केंद्र बांधून झाले आणि पुढे विजेअभावी बंद पडले, तर नदीच्या दृष्टीने ते नसल्यातच जमा.

पिण्याच्या पाण्याकडचे प्रात्यक्षिक म्हणजे जार टेस्ट. सहा चंचुपात्रांत एकेक लिटर गढूळ पाणी घेऊन प्रत्येकात तुरटीची मात्रा वेगळी ठेवतात. सुरुवातीला एखादा मिनिट जोरात ढवळायचे आणि मग पंधरा-वीस मिनिटे अगदी सावकाश. मातीचे अदृश्य कण तुरटीमुळे एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके दिसू लागतात आणि ढवळणे थांबवले की ते तळाशी बसतात. ज्या पात्रात कमीत कमी तुरटीत पाणी नितळ झाले, ती त्या दिवसाची योग्य मात्रा. पावसाळ्यात नदीला लाल गढूळ पाणी आले की ही मात्रा झटकन बदलते आणि चाचणी पुन्हा पुन्हा करावी लागते.

शिवारातला वर्ग

सजीवांची मोजणी प्रयोगशाळेबाहेरच होते. गवताळ जागेत एक मीटर लांबी-रुंदीचा, झाडांसाठी त्याहून मोठा चौकोन आखून त्यात कोणती वनस्पती किती हे नोंदवतात. अशा अनेक चौकोनांवरून त्या जागेची विविधता काढता येते. कोकणातले जांभ्या दगडाचे सडे हे अशा अभ्यासाचे उत्तम ठिकाण. उन्हाळ्यात सडा काळा, तापलेला, ओसाड दिसतो आणि लोक त्याला पडीक समजतात. पाऊस सुरू झाला की त्याच दगडावरच्या मूठभर मातीत गवते, कंदवर्गीय फुले आणि किडे खाणाऱ्या वनस्पती उगवतात, खळग्यांत बेडकांची अंडी दिसतात. ऋतू संपला की हे सगळे पुन्हा दिसेनासे होते.

या निरीक्षणाचा थेट संबंध पर्यावरणीय आघात मूल्यांकनाशी, म्हणजेच ईआयएशी आहे. १९९४ पासून मोठ्या प्रकल्पांना असे मूल्यांकन सक्तीचे झाले आणि २००६ च्या अधिसूचनेने त्याची चौकट नव्याने बांधली. मूळ स्थितीची मोजमापे बऱ्याचदा पावसाळा सोडून एकाच हंगामात घेतली जातात. हवेच्या तपासणीला ते सोयीचे असेल, पण सड्यावरची उन्हाळी पाहणी तिथे फारसे काही नाही असाच निष्कर्ष काढणार. ज्या विद्यार्थ्याने जुलैमध्ये सड्यावर चौकोन आखले आहेत, त्याला अशा अहवालातली त्रुटी पहिल्या वाचनात दिसते.

स्थानिक लोकांचे ज्ञान या अभ्यासात आणण्याचे मोठे काम माधव गाडगीळ यांनी केले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या परिसंस्थाशास्त्र केंद्राचे संस्थापक असलेल्या गाडगीळांनी पश्चिम घाटातल्या महाविद्यालयांचे शिक्षक आणि विद्यार्थी यांना गावांशी जोडून घेतले. लोकांच्या जैवविविधता नोंदवह्यांची कल्पना त्यांनी रुजवली. २००२ च्या जैवविविधता कायद्यानंतर गावपातळीवरच्या समित्यांकडे अशा नोंदवह्या करण्याची जबाबदारी आली. मासळीचा हंगाम, रानभाज्या, औषधी झाडे, आटलेले झरे यांची माहिती गावातल्या जाणत्यांकडे असते. ती नीट विचारणे आणि तपासून नोंदवणे ही प्रशिक्षित विद्यार्थ्याची कामगिरी आहे.

नोकरीच्या वाटा

या पदव्यांचा उपयोग प्रदूषण नियंत्रण मंडळे, महापालिका, पाणीपुरवठा विभाग, चाचणी प्रयोगशाळा, ईआयए करणाऱ्या सल्लागार संस्था आणि कारखान्यांतली सांडपाणी प्रक्रिया केंद्रे इथे होतो. अलीकडे आणखी एक दार उघडले आहे. बाजार नियामक सेबीने २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या सर्वांत मोठ्या एक हजार कंपन्यांना पाणी, ऊर्जा, कचरा आणि उत्सर्जन यांचा वार्षिक अहवाल देणे बंधनकारक केले. त्या अहवालातला आकडा खरा की सजवलेला, हे ओळखायला मोजणीची सवय असलेला माणूसच लागतो.

सक्तीच्या विषयाचे दुखणे

अडचण आहे ती सर्वांसाठीच्या अभ्यासक्रमाची. आयोगाने तो आखला तेव्हा ५० तासिकांपैकी ५ आणि १०० गुणांपैकी २५ प्रत्यक्ष क्षेत्रकार्यासाठी ठेवले होते. हेतू स्पष्ट होता. पुष्कळ महाविद्यालयांत मात्र या विषयाला स्वतंत्र शिक्षक नाही, ज्याचा कार्यभार कमी त्याच्याकडे तो सोपवला जातो. शेकडो विद्यार्थ्यांना नदीवर नेणे कठीण, म्हणून प्रकल्प घरबसल्या लिहिले जातात. तेच मथळे आणि तीच चित्रे वर्षानुवर्षे एका हातातून दुसऱ्या हातात जातात. ज्या विषयाचा प्राणच निरीक्षणात आहे, तो पाठांतराचा होऊन बसतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये नव्या शैक्षणिक धोरणाला धरून या अभ्यासक्रमाची नवी चौकट जाहीर केली. हवामानबदल, कचरा व्यवस्थापन, शाश्वत विकास यांना तिच्यात जागा आहे आणि क्षेत्रकार्यावरही भर आहे. ही चौकट यशस्वी व्हायची तर महाविद्यालयाचा परिसर हीच प्रयोगशाळा मानावी लागेल. वसतिगृहाच्या खानावळीतले उरलेले अन्न आठवडाभर तोलणे, इमारतीच्या टाकीत किती पाणी येते आणि किती गळते याचा हिशेब मांडणे, आवारातल्या झाडांची ऋतूनुसार नोंद ठेवणे, वर्गातल्या विजेचे मीटर वाचणे, यांतल्या कशालाही बस भाड्याने घ्यावी लागत नाही की महागडे उपकरण लागत नाही. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी पाण्याचा ताळेबंद अधिक चांगला मांडेल आणि मराठी विषयाचा विद्यार्थी गावातल्या वृद्धांच्या आठवणींतून ओढ्याचा इतिहास नोंदवेल. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात हरित लेखापरीक्षणाला आधीच स्थान आहे. ते बाहेरच्या संस्थेकडून करून घेण्याऐवजी विद्यार्थ्यांकडून करवून घेतले, तर अहवालही होईल आणि शिक्षणही.

त्यासाठी विषयाला पूर्णवेळ, प्रशिक्षित शिक्षक, क्षेत्रकार्यासाठी वेळापत्रकात राखून ठेवलेला वेळ आणि नक्कल केलेल्या प्रकल्पाला गुण न देण्याची शिस्त हवी. दरवर्षीची मोजमापे जपून ठेवली तर पुढच्या तुकडीला तुलनेसाठी आधार मिळेल आणि काही वर्षांत प्रत्येक महाविद्यालयाकडे आपल्या परिसराची अशी माहिती जमेल, जी आज बहुतेक नगरपालिकांकडेही नाही. पर्यावरण अभियंते आणि शास्त्रज्ञ संख्येने थोडेच असणार. पदवीधर मात्र लाखोंनी बाहेर पडतात. पुढे नगरसेवक, ग्रामसेवक, लेखापाल, शिक्षक आणि उद्योजक म्हणून काम करताना पाण्याचा, कचऱ्याचा, जमिनीचा निर्णय त्यांनाच घ्यायचा आहे. तो मोजून घेण्याची सवय त्यांना पदवीच्या वर्षांतच लागली पाहिजे.