घाटमाथ्यावरची पेठ

1630-31च्या हिवाळ्यात मोगल सरदार आझम खान धारूरवर चालून आला, तेव्हा त्याची पहिली नजर गेली ती किल्ल्याबाहेरच्या पेठेवर. अब्दुल हमीद लाहोरीच्या ‘पादशाहनाम्या’त या पेठेचा खास उल्लेख आहे : आठवड्यातून एकदा चहूकडचे लोक इथे खरेदी-विक्रीसाठी जमत. दख्खनमध्ये तेव्हा भीषण दुष्काळ होता. आधी पेठ लुटली गेली, मग किल्ला पडला.

धारूरची ओळख आज ‘किल्ले धारूर’ अशीच करून दिली जाते. पण बीड जिल्ह्यातले हे गाव जगवले ते बाजाराने. नकाशा पाहिला की कारण उमगते. उत्तरेला माजलगावकडची गंगथडी, म्हणजे गोदावरीच्या खोऱ्यातली काळी, सपाट जमीन. तिथून घाट चढून आले की बालाघाटचा डोंगरपट्टा लागतो आणि माथ्यावर धारूर. खालचा माल वर न्यायचा किंवा वरचा खाली, घाटमाथ्यावर थांबणे आलेच. जिथे मुक्काम, तिथे बाजार.

राज्यकर्त्यांनी हे हेरले होते. विजापूरच्या अली आदिलशहाचा सरदार किश्वर खान याने 1567 मध्ये इथे किल्ला उभारला तो अहमदनगरच्या निजामशाहीच्या सीमेवर दाब ठेवण्यासाठी. दोनच वर्षांत मुर्तझा निजामशहाने हल्ला केला, त्यात बाण लागून किश्वर खान मारला गेला. पुढे मोगलांच्या अमलात ‘फत्तेहाबाद धारूर’ या नावाने इथे नाणी पाडली गेली. व्यवहार मोठा नसता, तर आडवळणाच्या डोंगरी गावात टांकसाळ कशाला आली असती?

सत्ता बदलत गेल्या, हैदराबादच्या निजामाचे राज्यही 1948 मध्ये संपले. बाजाराची लय मात्र अजूनही डोंगर आणि पाऊसच ठरवतात. पावसाळा सरता सरता सीताफळे येतात. बालाघाटच्या मुरमाड, उताराच्या जमिनीत हे झाड फारशी निगा न घेता वाढते; जनावरेही त्याच्या पाल्याला तोंड लावत नाहीत. फळाचे ‘डोळे’ उघडले, खाचांमधला रंग पिवळसर-पांढरा झाला की ते उतरवायचे. त्यानंतर जेमतेम दोन-तीन दिवस हाती असतात. पिकलेले सीताफळ दाबले की फुटते, म्हणून पाट्यांत पाला घालून ते बाजारात आणतात. दर पटला नाही तरी माल घरी नेण्यात अर्थ नसतो, आणि हे घेणाऱ्यालाही ठाऊक असते. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही मोलाची गोष्ट. पण गर काढून तो गोठवून ठेवण्याची सोय जवळ असेल, तरच पाटी घेऊन बसलेल्या बाईला भावासाठी अडून राहता येईल.

सीताफळे संपत आली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला इथे ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, हाती येते आणि ताडपत्री, पत्र्याची पेटी, भांडी, पोरांचे कपडे अशी सहा महिन्यांच्या संसाराची खरेदी होते. मग गावे ओस पडतात, आणि गिऱ्हाइकच पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर गेल्यावर दुकानदारालाही हात बांधून बसावे लागते. पट्टा पडला, म्हणजे गाळपाचा हंगाम संपला, आणि टोळ्या परतल्या की आधीची उधारी फिटते, उचल फिटली नसेल तर उधारीही लांबते, आणि लग्नसराईचे कापड पुन्हा उधारीवर फाडले जाते.