बोली, पट्टी आणि परवाना

शेतमालाच्या लिलावात दोन्ही पक्षांची गरज सारखी नसते. एका ट्रॅक्टरवरचा कांदा पटला नाही तर व्यापारी पुढच्या ट्रॅक्टरकडे वळतो. भाडे भरून, रांगेत रात्र काढून आलेल्या शेतकऱ्याला मात्र माल परत नेणे बहुधा परवडत नाही. नाशवंत मालाच्या बाबतीत ही विषमता आणखी वाढते. म्हणून लिलाव चालवणाऱ्या अडत्याकडे आणि बोली लावणाऱ्या व्यापाऱ्याकडे परवाना हवाच, आणि गैरवर्तन केल्यास तो गमावण्याची भीतीही हवी, या तत्त्वावर महाराष्ट्रातील बाजार समित्या उभ्या आहेत.

या तत्त्वाची मुळे वऱ्हाडच्या कापूस बाजारात सापडतात. कारंजा येथे १८८६ साली नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा आला. मुंबई प्रांतात १९२७ साली कापसापुरता आणि १९३९ साली इतर शेतमालासाठीही कायदा झाला. सध्याची व्यवस्था १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्यावर आणि १९६७ च्या नियमांवर चालते. कायद्याच्या कलम ७ नुसार बाजार समिती परवाना देते आणि कलम ८ नुसार तो निलंबित किंवा रद्द करू शकते.

गैरवर्तनाची सुरुवात बोलीपासूनच होते. पूर्वी रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची हत्ता पद्धत सर्रास चाले. समोर उभ्या असलेल्या शेतकऱ्यालाही आपल्या मालाला कोणी किती देऊ केले ते कळत नसे. नियमांनी गुप्त खुणांनी भाव ठरवण्यास मनाई करून उघड लिलाव बंधनकारक केला. पण बोली उघड झाली तरी संगनमत संपत नाही. व्यापाऱ्यांनी आधीच आपसात भाव ठरवला, तर मोठ्याने पुकारलेली बोलीही नुसता देखावा ठरते.

लिलावानंतरच्या गैरवर्तनाची झळ शेतकऱ्याला अधिक थेट बसते. ठरलेल्या भावाने माल व्यापाऱ्याच्या खळ्यावर रिकामा झाला की प्रतीचा वांधा काढून भाव पाडला जातो. गोणीमागे ‘कडता’ किंवा ‘सूट’ म्हणून वजन कापले जाते, नमुन्याच्या नावाखाली माल काढून घेतला जातो. बेदाण्याच्या सौद्यात माल पाहताना दाणे जमिनीवर उधळण्याची सवयही याच जातीची. तो तोटा शेतकऱ्याच्याच माथी पडतो. सर्वांत गंभीर प्रकार पैसे थकवण्याचा. नोटाबंदीनंतर नाशिक जिल्ह्यात धनादेशाने पैसे देण्याची पद्धत वाढली आणि अनेक शेतकऱ्यांच्या हाती न वटलेले धनादेश आले.

अशा वेळी कारवाईचा सगळा भार कागदावर असतो. लिलावाच्या वेळची सौदापट्टी, तोलाईनंतरची काटापट्टी आणि अखेरची हिशोबपट्टी यांचा मेळ बसला नाही, तर कपात कुठे झाली हे दाखवता येते. तक्रारीनंतर समितीने परवानाधारकाला नोटीस देऊन म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. त्याशिवाय परवाना रद्द करता येत नाही. फसवणुकीने परवाना मिळवणे, परवान्याच्या अटी मोडणे, दिवाळखोरी, इतर परवानाधारकांशी मिळून बाजार जाणूनबुजून बंद पाडणे ही कारवाईची प्रमुख कारणे आहेत. समितीच्या आदेशाविरुद्ध पणन संचालकांकडे अपील करता येते.

यांपैकी बाजार बंद पाडण्याच्या कारणावरून कारवाई करणे सर्वांत अवघड. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले. त्यानंतर २० सप्टेंबरपासून नाशिक जिल्ह्यातील व्यापाऱ्यांनी बेमुदत बंद पुकारला आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत लिलाव ठप्प राहिले. एका व्यापाऱ्याचा परवाना रद्द केला तर बाजार चालतो. सगळ्यांचेच परवाने रद्द केले तर बोली लावायलाच कोणी उरत नाही. नवे खरेदीदार तयार नसतील, तर कायद्यातली शिक्षा वापरता येत नाही.

दुसरी अडचण समितीच्या रचनेतच आहे. समितीचे मुख्य उत्पन्न बाजार फीचे, म्हणजे व्यापाऱ्यांच्या उलाढालीवर अवलंबून. संचालक मंडळातही व्यापारी व अडत्यांचे दोन प्रतिनिधी असतात. मोठ्या खरेदीदारावर कारवाई केली की समितीचेच उत्पन्न घटते, म्हणून तक्रार अनेकदा समजुतीवर मिटवली जाते. शेतकऱ्याला पैसे मिळाल्याचे समाधान होते, पण दोषाची नोंद राहत नाही आणि तोच व्यापारी पुढच्या हंगामात पुन्हा बोली लावतो.

२०१६ साली फळे व भाजीपाला यांच्या आवाराबाहेरील विक्रीवरचे नियमन उठले आणि अडत विक्रेत्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरले. शेतकऱ्यावरचा बोजा त्यामुळे कमी झाला. मात्र आवाराबाहेर झालेल्या व्यवहारात पैसे बुडाले, तर निलंबित करण्यासारखा समितीचा परवानाच नसतो. त्याच वर्षी सुरू झालेल्या ई-नाम या ऑनलाइन बाजारात बोलीची नोंद आपोआप राहते. वजन आणि प्रतीचे वाद मात्र खळ्यावरच सोडवावे लागतात.

परवान्याचा धाक टिकवायचा असेल तर चार गोष्टी आवश्यक आहेत: उलाढालीच्या प्रमाणात बँक हमी, प्रत्येक सौद्याची शेतकऱ्याच्या हाती पट्टी, समजुतीने मिटलेल्या तक्रारींचीही परवान्यावर नोंद आणि समितीच्या उत्पन्नाशी संबंध नसलेल्या अधिकाऱ्याकडे निर्णय. यांपैकी बँक हमी सर्वांत तातडीची आहे, कारण परवाना रद्द झाल्याने बुडालेले पैसे परत येत नाहीत. ते हमीतूनच वसूल होऊ शकतात.