सुट्टे पैसे

गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजातली तत्त्वज्ञानाची खोली रिकामी झाली. विद्यार्थी नाहीत म्हणून विभाग बंद. त्या जागी आता ‘माइंडफुलनेस’चा सर्टिफिकेट कोर्स. रद्दीच्या गठ्ठ्यातून हुसेर्लच्या ‘लॉजिकल इन्व्हेस्टिगेशन्स’चा दुसरा खंड तेवढा मी ओढून काढला.

जाणीव नेहमी कशाची तरी असते, हे हुसेर्लच्या गुरूनं, ब्रेंटानोनं, 1874 मध्येच सांगून ठेवलं होतं. पुढच्या पंचवीस वर्षांत माझं मन कधी रमलं नाही. जीव जडला तो हुसेर्लच्या ग्योटिंगेनवर, 1901 नंतरच्या दशकावर. ते दशक मी जगलो 1980 नंतर, पुण्यात, सहा पोरांच्या वर्गात शिकवताना.

मोठ्या नोटा नकोत, सुट्टे काढा, असा म्हणे हुसेर्लचा विद्यार्थ्यांमागे धोशा असे. 1904-05 च्या हिवाळ्यातली काळाच्या जाणिवेवरची त्याची व्याख्यानं तशीच सुट्ट्यांची. तो सुरावटीचं उदाहरण घ्यायचा, मी ठेक्याचं. बाकावर तीनताल धरायचो आणि सोळावी मात्रा वाजवून हात वरच थांबवायचो. पोरांच्या माना तरीही समेवर पडायच्या! न वाजलेला ‘धा’ कुठून आला? आणि सरलेल्या मात्रा कुणी आठवत बसलं नव्हतं. त्या अजून सुटल्याच नव्हत्या. चालू क्षणाला मागचं शेपूट असतं नि पुढची चाहूल असते. आठवण आणि अंदाज या त्यानंतरच्या गोष्टी.

ही व्याख्यानं खपून नीट लावली त्याच्या सहायक एडिट श्टाइननं. 1928 मध्ये छापली तेव्हा संपादक म्हणून नाव लागलं हायडेगरचं. ‘हे तर मानसशास्त्रच’ म्हणत माझा पेपर दोनदा अभ्यासक्रमातून काढणाऱ्या आमच्या विभागप्रमुखांना यात काही वावगं वाटलं नसतं. तर्कशास्त्र मानसशास्त्रात बुडवू नका, हे सांगायलाच हुसेर्लनं 1900 चा पहिला खंड खर्ची घातला होता, पण तो उघडायला वेळ कुणाला?

मग 1913. ‘आयडियाज’ आलं, जाणिवेच्या मुळाशी शुद्ध ‘मी’ येऊन बसला आणि ग्योटिंगेनचे बरेच शिष्य हिरमुसले. त्यांच्यातला राईनाख 1917 मध्ये युद्धात गेला. हुसेर्लचं पुढचं फ्रायबुर्ग मी परीक्षेपुरतंच शिकवलं.

रद्दीतला खंड घरी उघडला. असा ‘मी’ आपल्याला सापडत नाही, असं 1901 मध्ये हुसेर्लनं लिहिलं होतं. 1913 च्या आवृत्तीत तिथेच तळटीप: आता सापडला. एवढी मोठी माघार, आणि ती तळटिपेत! शेजारी समासात माझ्याच पेन्सिलीनं लिहिलेलं, 1984 सालचं: कुठे?